मार्चिंग पर्कशनसाठी स्टिक आणि मॅलेट कसे निवडावेत?

प्रश्न थोडक्यात असा: मार्चिंग पर्कशनचा, म्हणजे ड्रम अंगावर अडकवून चालत वाजवणाऱ्यांचा, नवा गट उभा राहतोय. सहा स्नेअर (तळाला तारा असलेले, कडक आवाजाचे ड्रम), दोन टेनर (एकाच माणसापुढे चार ते सहा ड्रमचा संच), पाच बास (मोठे, खालच्या सुराचे ड्रम) आणि पुढे मरिम्बा, व्हायब्राफोन, झायलोफोन, ग्लॉकेनस्पील अशी पट्ट्यांच्या वाद्यांची रांग. वाजवणारे बरेचसे ड्रमसेटकडून आलेले. ज्याला जी स्टिक हाताला बरी वाटते ती त्याला वापरू द्यावी, की सगळ्यांना एकच द्यावी? आणि मॅलेटचे, म्हणजे टोकाला डोकं बसवलेल्या काठ्यांचे, शेकडो प्रकार दिसतात, त्यातले खरोखर लागतात कुठले?

आधी सरळ उत्तर देतो. स्नेअरच्या रांगेत सगळ्यांच्या हातात एकाच मॉडेलची स्टिक हवी, त्यात तडजोड नको. टेनरचंही तसंच. बासमध्ये प्रत्येक ड्रमचं मॅलेट वेगळ्या आकाराचं, पण सगळी एकाच मालिकेतली. पुढच्या रांगेत वाद्याप्रमाणे. आणि ही निवड ड्रमपाशी उभं राहून करू नका. श्रोते जिथे बसणार आहेत तिथे जाऊन, गट वाजत असताना करा. मार्चिंगमधला सगळा हिशेब अंतराचा आहे, आणि हाताला छान वाटणारी स्टिक ४० मीटरवर छान ऐकू येईलच असं नाही.

अंतराचं एवढं कौतुक का, ते आकड्यांत बघा. १६० च्या लयीत सोळावी मात्रा, म्हणजे एका ठोक्याचा चौथा भाग, जेमतेम ९४ मिलिसेकंदांची असते. तेवढ्या वेळात आवाज साधारण ३२ मीटर जातो. बंदिस्त क्रीडागृहात घुमणं दीड-दोन सेकंद सहज टिकतं, म्हणजे आधीचे वीस ठोके हवेत असताना नवा ठोका पडत असतो. अशा गोंधळातून श्रोत्याच्या कानाला जे सापडतं ते ठोक्याचं टोक, त्याची सुरुवात. ती सुरुवात किती टोकदार आणि किती एकसारखी, हे स्टिक आणि मॅलेट ठरवतात.

स्नेअरपासून सुरुवात करू, कारण ड्रमसेटवाल्यांना सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. ड्रमसेटची नेहमीची ५ए स्टिक साधारण १४.३ मिलिमीटर जाडीची असते, जाडजूड समजली जाणारी २बी १६ मिलिमीटरची. मार्चिंग स्नेअरच्या स्टिक बहुतेक १७.५ ते १८.३ मिलिमीटर जाड आणि १६ ते १७ इंच लांब असतात. फरक चार मिलिमीटरचाच दिसतो, पण वजन साधारण दीडपट होतं. ही जाडी दिखाव्यासाठी नाही. मार्चिंग स्नेअरचं वरचं पान केव्हलरसारख्या विणलेल्या धाग्याचं असतं, बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात तोच धागा, आणि ते इतकं ताणलेलं असतं की बोटाने दाबलं तर टेबलाच्या फळीसारखं लागतं. अशा पानावर ५ए वाजवली की वर नुसती चटचट ऐकू येते, ड्रमची काया बोलतच नाही. मग वाजवणारा जोर लावायला लागतो, स्टिक आवळून धरतो, आणि थोड्याच दिवसांत मनगट दुखतंय म्हणून सांगायला येतो. वजनदार स्टिक स्वतः पडते, स्वतः उसळते. हाताने फक्त वाट दाखवायची.

पण म्हणून सगळ्यात जाड, सगळ्यात जड स्टिक उचलू नका. अनुभवी गटांच्या हातातली स्टिक बघून नव्या गटाने तीच घेणं ही मला सगळ्यात घातक नक्कल वाटते. त्या वाजवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तो भार पेललेला असतो. माझा नियम असा: रांगेतल्या सगळ्यात कमी ताकदीच्या हाताला संपूर्ण कार्यक्रमभर पेलेल ती स्टिक सगळ्या रांगेची. बलवान हाताला हलकी स्टिक थोडी पोरकी वाटेल, पण तो जुळवून घेईल. दमलेला हात मात्र जुळवून घेऊ शकत नाही. तो उशिरा पडतो, आणि सहातला एक उशिरा पडला की सहाही चुकल्यासारखे ऐकू येतात.

लांबीबद्दल एक गोष्ट नवखे लोक विसरतात. मार्चिंगमध्ये ठोक्याची ताकद स्टिकचं टोक पानापासून किती उंच उचललं त्यावर मोजतात: हळू आवाजाचा भाग ३ इंचांवर, मध्यम ६ वर, मोठा ९ किंवा १२ वर. मनगट सारख्याच कोनातून वर गेलं तरी लांब स्टिकचं टोक जास्त उंच जातं. रांगेत दोन लांबीच्या स्टिक असल्या, तर सगळ्यांनी मनगट एकसारखं उचलूनही उंची वेगळी दिसेल आणि आवाजही वेगळा येईल. मग शिकवणारा वाजवणाऱ्यांवर ओरडत बसतो आणि दोष असतो स्टिकचा.

लाकडात माझी पसंती हिकरीला. लवचिक आहे, धक्का स्वतःत मुरवते, आणि केव्हलरच्या पानावर मनगटाला दिलासा हवाच असतो. मेपल हलकं असतं. जाड पकड हवी पण भार नको, अशा लहान वयाच्या वाजवणाऱ्यांसाठी मेपलची जाड स्टिक हा चांगला मधला मार्ग आहे, फक्त रिमवरच्या, म्हणजे ड्रमच्या कडीवरच्या, ठोक्यांनी ती लवकर झिजते. ओक घट्ट आणि टिकाऊ, पण धक्का जास्त हातात येतो. सरावाच्या पॅडवर ठीक, रोज तास न् तास केव्हलरवर मी ती कुणाला देणार नाही.

टोकाच्या आकारावर लोक खूप वाद घालतात. मला त्यातला एकच मुद्दा निर्णायक वाटतो. गोल टोक कुठल्याही कोनातून पानाला लागलं तरी स्पर्शाची जागा तेवढीच राहते. ओकच्या फळासारखं किंवा थेंबासारखं लांबट टोक थोडं आडवं पडलं की जास्त पसरतं आणि आवाज जाडा होतो. सेटवर हेच हवं असतं, आवाजाचा रंग बदलता येतो. पण रांगेत सहा जणांच्या उंच्या वेगळ्या, कोपरांचे कोन वेगळे. पारंपरिक पकड असेल तर डावा हात उजव्यापेक्षा निराळ्याच कोनातून येतो. म्हणून नव्या गटाला गोल टोक किंवा आखूड पिंपासारखं टोक. गोल जास्त स्वच्छ, पिंपासारखं जास्त भरदार. नायलॉनचं टोक टाळा. केव्हलर मुळातच चकचकीत वाजतो, त्यावर नायलॉन म्हणजे कानाला बोचणारा आवाज.

टोकामागचा निमुळता भाग किती लांब आहे तेही बघा. लांब निमुळता असेल तर वजन मागे राहतं, उसळी चपळ मिळते, पण रिमशॉट (पान आणि रिम एकदम वाजवणारे ठोके) जास्त असतील तर स्टिक खांद्यापाशी, म्हणजे निमुळता भाग सुरू होतो तिथे, मोडते. आखूड असेल तर वजन पुढे येतं, आवाज मोठा होतो, डबल स्ट्रोकचा, म्हणजे एकाच हाताच्या लागोपाठ दोन ठोक्यांतला, दुसरा ठोका काढायला मेहनत पडते. नव्या गटात दुसरा ठोकाच नेहमी कमजोर असतो, म्हणून मी मध्यम निमुळत्या स्टिककडे झुकतो.

आता जोड्या जुळवणं, आणि इथे जरा थांबायलाच हवं. चांगले उत्पादक वजन आणि सूर तपासून जोडी बांधतात, पण पिशवी फोडल्यावर तुमचं काम संपत नाही. पहिल्यांदा प्रत्येक स्टिक काचेवर किंवा सपाट टेबलावर लोळवा आणि टोकाकडे बघत राहा. टोक हेलकावे खात असेल तर स्टिक वाकडी आहे. मग लाकडाच्या रेषा बघा. त्या बुडापासून टोकापर्यंत लांबीला समांतर हव्यात. मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर स्टिक नेमकी तिथेच चिरणार. शेवटी सूर. एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांत सैल धरा आणि रबरी पॅडवर हलकेच टाका. प्रत्येक स्टिकला स्वतःचा सूर असतो, आणि दोन-तीन वेळा ऐकलं की कुणालाही तो कळतो. सैल पानावर हा फरक बुडून जातो. केव्हलरवर तो लख्ख ऐकू येतो: उजवा टक, डावा टिक, आणि रोल (सलग दाट ठोके) खडबडीत होतो. माझी पद्धत अशी की सगळ्या रांगेच्या नव्या स्टिक एकत्र ओतायच्या, सगळ्यांचे सूर ऐकायचे आणि जोड्या नव्याने लावायच्या. जोडीतलं नातं तर सुधारतंच, वर रांगेचाही सूर एकत्र येतो. ज्या कुठेच बसत नाहीत त्या सरावाच्या पॅडसाठी.

स्टिकवर पांढरी टेप गुंडाळतात, ती दुरून हालचाल ठळक दिसावी म्हणून आणि रिमच्या घावांपासून लाकूड वाचावं म्हणून. इलेक्ट्रिशियनची साधी टेप पुरते. ताणून, सुरकुती न पडू देता, एकच थर. टेपने वजन वाढतं आणि आवाज किंचित मऊ होतो, म्हणून लावायची तर सगळ्यांनी, आणि एकाच खुणेपर्यंत. टोकाच्या किती मागे थांबायचं ते पट्टीने मोजून ठरवा. एकाने बोटभर पुढे गुंडाळली तर त्याच्या स्टिकचा तोल बदलतो. शिवाय हे टेप लावण्याचं काम स्टिक निवडण्याआधीच्या चाचणीतही करा, कारण शेवटी जी वाजणार आहे ती टेप लावलेली स्टिक.

टेनरकडे येऊ. इथे पानं केव्हलरची नसतात, प्लॅस्टिकच्या फिल्मची असतात, आणि एका माणसाच्या कमरेपुढे चार ते सहा ड्रम असतात, सहसा ६ ते १४ इंचांच्या दरम्यान. त्यामुळे प्रश्न उलटा होतो. स्नेअरमधून काया बाहेर काढायची होती, इथे ती आपसूक येते आणि स्पष्टता हरवायची भीती असते. खुल्या मैदानात नायलॉनच्या चकतीसारख्या कडक डोक्याची मॅलेट मी पहिल्यांदा घेईन. ड्रमचा सूरही राहतो आणि ठोकाही कापल्यासारखा येतो. बंदिस्त जागेत तीच मॅलेट कर्कश होतात. तिथे फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) किंवा थोडं मऊ डोकं हवं. टेनर जेव्हा स्नेअरबरोबर एकच ओळ वाजवतात, तेव्हा लाकडी स्टिकने दोन्ही रांगांचा पोत जुळतो. म्हणून टेनरवाल्याकडे दोन प्रकार असायलाच हवेत. एका टोकाला स्टिक आणि दुसऱ्या टोकाला मऊ डोकं अशा दुतोंडी काठ्याही मिळतात. बदलायला वेळच नसेल अशा जागी त्या उपयोगी पडतात, एरवी त्यांचा तोल मला कधी पटला नाही.

डोक्याची रुंदी तपासायला विसरू नका. टेनरवर ठोका मध्यभागी पडत नाही, रिमपासून दीड-दोन इंच आत पडतो, तिथेच सूर उमलतो. रुंद डोकं ६ इंचांच्या इवल्या ड्रमवर रिमला घासतं, आणि हात एकमेकांवरून जाताना दोन डोकी आपटतात. दांडा लाकडी घ्यावा की ॲल्युमिनिअमचा? ॲल्युमिनिअम मोडत नाही, आवाज जास्त टणक देतो, आणि कंप थेट बोटांत आणतो. लहान वयाच्या मुलांना मी हिकरीचाच दांडा देतो.

बास ड्रमची निवड सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, आणि गट गढूळ वाजतोय अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी बासची मॅलेट बघतो. पाच जण मिळून एकच ओळ विभागून वाजवतात. एकाचा ठोका, लगेच पुढच्याचा, अशी सोळाव्या मात्रांची साखळी वरच्या लहान ड्रमपासून खालच्या मोठ्यापर्यंत धावते. ती एकाच माणसाने वाजवल्यासारखी वाटली पाहिजे. ड्रम १६ किंवा १८ इंचांपासून ३० किंवा ३२ इंचांपर्यंत असतात. सगळ्यांना एकच मॅलेट दिलं, तर लहान ड्रमवर ते डोकं फार मोठं होतं: पानाच्या मोठ्या भागाला एकदम दाबतं, वरचे सूर मरतात, धप्प असा आवाज येतो. मोठ्या ड्रमवर तेच डोकं फार लहान पडतं: चापट ऐकू येते, खालचा सूर जागाच होत नाही. म्हणून डोकी चढत्या आकाराची घ्यायची. उत्पादक प्रत्येक मॅलेटपुढे ड्रमचा आकार छापतात, सुरुवातीला तोच तक्ता पाळा.

त्यानंतर कान. घट्ट फेल्टची मॅलेट घ्या आणि पाचही जणांना ती साखळी हळू लयीत वाजवायला लावा. तुम्ही दूर जाऊन पाठ करून उभे राहा. कुठला ड्रम उशिरा आल्यासारखा वाटतोय? बहुतेक वेळा सगळ्यात मोठा. वाजवणारा वेळेवरच असतो, पण मोठं पान बोलायला वेळ घेतं आणि मऊ डोकं त्यात आणखी भर घालतं. इथे लोक आणखी मोठं डोकं आणतात. उपाय बरोबर उलट आहे: त्याच आकाराचं, पण जास्त कडक फेल्ट. त्याआधी पानावरच्या फोमच्या पट्ट्या आणि ट्यूनिंग जागेवर आहे का, तेवढं बघून घ्या. सैल पानाची भरपाई मॅलेटने होत नाही.

मऊ, फुगीर, लोकरीच्या डोक्याची मॅलेटही लागतात, पण फक्त संथ, गूंजत्या भागांसाठी. संपूर्ण कार्यक्रम त्यांनी वाजवणारे गट मी ऐकले आहेत. जवळून ते राजेशाही वाटतं, प्रेक्षकांत बसलं की नुसता ढगांचा गडगडाट. संगीतात मॅलेट बदलायला किती ठोके मिळतात ते आधी मोजा. चारच मिळत असतील तर ती जागा सोडून द्या.

फेल्ट झिजतं. दर सरावाला दांडा हातात थोडा फिरवून धरायची सवय लावा, म्हणजे एकाच बाजूला सपाट डाग पडत नाही. वर केसाळ थर यायला लागला की ठोका मऊ होतो, आणि तो हळूहळू होतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. एक कोरी जोडी बाजूला ठेवून अधूनमधून तिच्याशी ताडून बघा. पावसात भिजलेलं फेल्ट फुगतं आणि वाळल्यावर टणक होतं, म्हणून बाहेर जाताना प्लॅस्टिकची पिशवी जवळ असू द्या. डोकं दांड्यावर जरा जरी हलत असेल तर ते मॅलेट बाद.

पुढच्या रांगेत पहिला विचार वाद्य वाचवण्याचा. पितळी किंवा कडक प्लॅस्टिकचं मॅलेट मरिम्बाच्या पट्ट्यांवर पडलं, तर रोझवूडवर खळगा पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. कृत्रिम पट्ट्या जास्त सोसतात, पण त्याही डागाळतात. ग्लॉकेनस्पीलच्या पोलादी पट्ट्यांना कडक प्लॅस्टिक किंवा पितळ चालतं. झायलोफोनला कडक रबर किंवा प्लॅस्टिक. व्हायब्राफोनच्या ॲल्युमिनिअमला दोऱ्याने गुंडाळलेली मॅलेट. मरिम्बाला लोकरीने गुंडाळलेली. प्रत्येक वाद्याखाली त्याच्याच मॅलेटची पिशवी अडकवा आणि टेबलावर सगळी एकत्र ठेवायची पद्धत पहिल्याच दिवशी बंद करा. घाईत चुकीचं मॅलेट उचललं जाण्याचं कारण नव्वद टक्के वेळा तो सामायिक ढीग असतो.

कडकपणाबद्दलचा सल्ला काळाबरोबर बदलला आहे. पूर्वी पुढची वाद्यं मायक्रोफोनशिवाय ब्रासशी, म्हणजे पितळी फुंकवाद्यांशी, झुंजत, म्हणून मरिम्बावर फार कडक मॅलेट घ्यावी लागत आणि सूर बाजूला राहून खडखड ऐकू येई. अमेरिकेतल्या डीसीआय (ड्रम कोर इंटरनॅशनल) या मार्चिंग गटांच्या स्पर्धांमध्ये २००४ च्या मोसमापासून मायक्रोफोनला परवानगी मिळाली आणि मऊ मॅलेटने खरा सूर पोचवणं शक्य झालं. तुमच्याकडे मायक्रोफोन असतील तर मध्यम किंवा मध्यम-कडक मॅलेटपासून सुरुवात करा. नसतील तर एक पायरी कडक. मायक्रोफोन पट्टीच्या अगदी जवळ असेल तर मॅलेटच्या गाभ्याची टकटक आवाजात शिरते, तेव्हा मॅलेट बदलण्याआधी मायक्रोफोन हलवून बघा.

चार मॅलेट धरणाऱ्यांना चारही सारखी देऊ नका. खालच्या पट्ट्या रुंद आणि पातळ असतात, त्यांना मऊ डोकं लागतं. वरच्या अरुंद पट्ट्यांना कडक. डावीकडून उजवीकडे एकेक पायरी कडक होत जाणारा संच सगळ्यात चांगला, निदान अगदी डावीकडचं मॅलेट तरी मऊ असू द्या. मॅलेट एकमेकांवर फुली करून धरणाऱ्यांना वेताचा दांडा सोपा जातो, कारण तो थोडा वाकतो. स्टीव्हन्स पकड (हातातली दोन मॅलेट एकमेकांवर न टेकवता धरायची पद्धत) धरणाऱ्यांना बर्चचा ताठ दांडा. आणि दोघे मरिम्बावाले एकाच ओळीत असतील तर त्यांची मॅलेट एकाच मॉडेलची, स्नेअरसारखीच.

झांजांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लटकत्या झांजेवर रोल करायला लोकरीची मरिम्बा मॅलेट वापरा, पण त्यासाठी जुना संच वेगळा काढून ठेवा, कारण झांजेची धार लोकर कापते. टिंपनीची फेल्टची मॅलेट तिथे कधीही नको.

किती घ्यायचं? स्नेअरच्या प्रत्येकाला तीन जोड्या: एक रोजच्या सरावाची, एक ड्रमला अडकवलेल्या पिशवीतली राखीव, एक कार्यक्रमासाठी बाजूला काढलेली. ती तिसरी जोडी कार्यक्रमाच्या आदल्या एक-दोन सरावांत वाजवून घ्या, अगदी कोरी स्टिक मंचावर पहिल्यांदा उसळू नये. टेनरला प्रत्येक प्रकारच्या दोन जोड्या. बासला घट्ट फेल्टचे दोन संच आणि मऊ मॅलेटचा एक. पुढच्या रांगेला आधी मध्यम-कडक मरिम्बा आणि व्हायब्राफोनचे संच, बाकीचं संगीत हातात आल्यावर. पहिल्या खरेदीत आवाजाचे सगळे रंग आणण्याचा मोह आवरा. कुठला रंग लागतो ते तुमच्या रचनेतला एखादा भाग सांगेल, तेव्हाच तो घ्या. स्टिक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. लाकूड कोरडं पडलं की वजन हलकं होतं, मग ते ठिसूळ होतं, आणि तुम्ही कान लावून जुळवलेल्या जोड्या एका दुपारीत बिघडतात.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. केव्हलरच्या पानावर जड स्टिकने वाजवताना वाजवणाऱ्याच्या कानापाशी आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. स्टिकच्या यादीतच प्रत्येकासाठी कानातले बोळे लिहा, आणि स्टिक निवडताना वाजवणाऱ्यांनी ते घातलेले असू द्या. बोळे न घालता निवडलेली स्टिक बोळे घातल्यावर वेगळी वाटते. वरचा तीक्ष्णपणा गेला की वाजवणारा नकळत जोर वाढवतो. रांगेत जे कानांवर असणार आहे तेच निवडीच्या दिवशीही असायला हवं.

आणि चाचणी कशी घ्यायची ते नक्की सांगतो. तीन मॉडेलच्या सहा-सहा जोड्या मिळवा, उसन्या चालतील. रांगेला आठ ओळींचा एकच तुकडा द्या: थोडा रोल, थोडे ॲक्सेंट, एक अगदी हळू आवाजाचा भाग, शेवटी दोन रिमशॉट. प्रत्येक मॉडेलने तो दोनदा वाजवायचा, कुठलं मॉडेल चालू आहे ते ऐकणाऱ्यांना सांगायचं नाही. दोघे-तिघे प्रेक्षकांच्या जागी बसून लिहितील. त्यांनी सगळ्यात जास्त लक्ष त्या हळू भागाकडे द्यावं. मोठ्या आवाजात तिन्ही स्टिक जवळपास सारख्याच वाटतात, पण ३ इंचांच्या उंचीवर चुकीची स्टिक ४० मीटरवर ऐकूच येत नाही, आणि बरोबर असेल तर प्रत्येक ठोका मोजता येतो.